स्पॅनिशमधली शक्यता टक्क्यांत मोजता येत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत परदेशी भाषांचे जे सदर येते, त्यात ‘कदाचित’, ‘बहुधा’, ‘शक्य आहे’ असे अर्थ स्पॅनिशमध्ये सांगताना क्रियापदाचे कोणते रूप वापरावे याविषयी अलीकडेच एक लेख आला. मराठी वृत्तपत्राने परक्या भाषेच्या व्याकरणातील इतक्या बारीक प्रश्नाला जागा दिली, याचा स्पॅनिशची शिक्षिका म्हणून मला मनापासून आनंद झाला. परंतु त्या लेखाचा सारा डोलारा ज्या नियमावर उभा होता, तो नियमच टिकणारा नाही. बोलणाऱ्याची खात्री जितकी अधिक तितका इंडिकेटिव्ह (क्रियापदाचे नेहमीचे, साधे रूप), आणि ती जितकी कमी तितका सब्जंक्टिव्ह (त्याचेच दुसरे, बदललेले रूप), असे तेथे म्हटले होते. सोबत शंभर टक्क्यांपासून शून्यापर्यंत उतरणारी एक शिडीही छापली होती. ही शिडी अनेक वर्गांत वर्षानुवर्षे फिरते आहे. ती लक्षात ठेवायला सोपी आहे हे खरे. पण तिच्यावर विसंबलेला विद्यार्थी पहिल्या चार-दोन वाक्यांतच अडखळतो, आणि नियम चुकला आहे असे न समजता आपल्यालाच ही भाषा जमत नाही असे धरून बसतो. म्हणून हे थोडे लांबलेले पत्र.

ज्यांचा स्पॅनिशशी परिचय नाही त्यांच्यासाठी आधी एवढे सांगते की स्पॅनिश क्रियापद काळाप्रमाणे जसे बदलते, तसेच बोलणारा त्या क्रियेकडे कोणत्या दृष्टीने पाहतो त्याप्रमाणेही बदलते. मराठी व्याकरणात आपण स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ असे क्रियापदाचे अर्थ शिकलो. साधारण त्याच जातीचा हा भेद आहे. वर्तमानकाळात हा सगळा फरक बहुतेक वेळा एका स्वरावर तोललेला असतो. ‘आब्ला’ म्हणजे तो बोलतो, हा इंडिकेटिव्ह. त्याचाच सब्जंक्टिव्ह ‘आब्ले’. उलट ‘कोमे’ म्हणजे तो खातो, आणि त्याचा सब्जंक्टिव्ह ‘कोमा’. ‘असणे’ या अर्थाच्या एका क्रियापदाची रूपे ‘एस्ता’ आणि ‘एस्ते’ अशी होतात. कानाला निसटून जाईल इतका हा फरक लहान आहे, आणि म्हणूनच तो कशासाठी केला जातो हे नीट समजावून सांगणे गरजेचे आहे. (खालची वाक्ये मी लॅटिन अमेरिकेतील उच्चारांना धरून देवनागरीत देत आहे, स्पॅनिशमध्ये ‘व्ही’ या अक्षराचा उच्चार ‘ब’ होतो.)

आता शिडीकडे वळू. ‘आ लो मेखोर युएबे’ म्हणजे कदाचित पाऊस पडेल. ‘आ लो मेखोर’ या शब्दांत खात्री फारशी नाही. शिडीवर त्यांची जागा बरीच खाली लागेल. तरीही त्यांच्यापाठोपाठ ‘युएबे’ हा इंडिकेटिव्हच येतो. आपल्या लेखात छापलेले ‘आ लो मेखोर युएबा’ हे वाक्य, एवढ्यासाठीच, चूक आहे. दुसरीकडे ‘एस मुय प्रोबाब्ले के युएबा’ म्हणजे पाऊस पडण्याची दाट शक्यता आहे. येथे बोलणारा जवळजवळ छत्री हातात घेऊन उभा आहे, तरी क्रियापद मात्र ‘युएबा’, म्हणजे सब्जंक्टिव्ह. आणखी एक पायरी वर चढून ‘लो मास प्रोबाब्ले एस के युएबा’, सर्वांत अधिक शक्यता पावसाचीच आहे, असे म्हटले तरी सब्जंक्टिव्ह सुटत नाही. म्हणजे अंधूक शक्यतेला इंडिकेटिव्ह आणि दाट शक्यतेला सब्जंक्टिव्ह, अशी शिडी येथे सरळ उलटी होते.

ही दोन-चार अपवादांची बाब असती तर मी पत्र लिहिले नसते. शिडीची दोन्ही टोके तपासून पाहावीत. ‘नो से सि ब्येने’ म्हणजे तो येतो की नाही मला ठाऊक नाही. याहून मोठी अनिश्चितता कोणती? तरी ‘ब्येने’ हा इंडिकेटिव्ह आहे. आणि ‘मे आलेग्रो दे के एस्तेस आकी’ म्हणजे तू येथे आहेस याचा मला आनंद आहे. ज्याच्याशी बोलणे चालले आहे तो माणूस समोर बसलेला आहे, त्याच्या असण्याबद्दल कणभरही शंका नाही, आणि तरीही क्रियापद ‘एस्तेस’, सब्जंक्टिव्ह. शून्य टक्के खात्रीला इंडिकेटिव्ह आणि शंभर टक्के खात्रीला सब्जंक्टिव्ह देणाऱ्या भाषेला खात्रीच्या मोजपट्टीने मोजण्यात अर्थ नाही.

मग मोजायचे काय? माझ्या मते प्रश्न असा विचारला पाहिजे की, ही गोष्ट बोलणारा स्वतःचे विधान म्हणून मांडतो आहे की नाही. ‘आ लो मेखोर युएबे’ म्हणणारा ‘युएबे’, पाऊस पडतो, हे विधान करतोच. फक्त त्याला ‘कदाचित’ची चिठ्ठी जोडतो. विधान दुबळे आहे, पण ते विधान आहे. ‘एस प्रोबाब्ले के युएबा’ म्हणणारा मात्र पावसाविषयी विधान करतच नाही. त्याचे विधान आहे ते ‘एस प्रोबाब्ले’, म्हणजे शक्यता आहे, एवढेच. पाऊस हा त्या शक्यतेचा केवळ विषय आहे. समोर असलेल्या माणसाबद्दल आनंद व्यक्त करणाराही तू येथे आहेस असे सांगत नसतो, ते दोघांनाही दिसतेच आहे. तो आपला आनंद सांगत असतो. ‘मला ठाऊक नाही’ या वाक्यातला ‘सि ब्येने’ हा तुकडा मुळात प्रश्न आहे, आणि स्पॅनिशमध्ये साधा प्रश्न इंडिकेटिव्हमध्येच विचारला जातो. या दृष्टीने पाहिले की मघाची विस्कळीत वाटणारी वाक्ये एका रांगेत येतात.

मराठी वाचकाला हे समजायला इंग्रजीच्या वाटेने जाण्याची काहीच गरज नाही, आणि त्या लेखाविषयीची माझी दुसरी तक्रार हीच आहे की त्यातले सारे स्पष्टीकरण इंग्रजी साहाय्यक क्रियापदांच्या आधाराने केले होते. हवामानाच्या बातमीत आपण ‘पाऊस पडण्याची शक्यता आहे’ असे वाचतो. या वाक्यात ‘पडणे’ हे क्रियापद आपण क्रियापद म्हणून ठेवलेलेच नाही. त्याचे धातुसाधित करून, त्याला विभक्ती लावून, शक्यतेच्या दावणीला बांधून टाकले आहे. विधान आहे ते ‘शक्यता आहे’ हे. याउलट ‘कदाचित पाऊस पडेल’ या वाक्यात ‘पडेल’ हे पुरे, स्वतंत्र क्रियापद ताठ उभे आहे. हे दोन साचे मराठी माणूस लहानपणापासून न चुकता वापरतो. शक्यतेचा विषय म्हणून आलेल्या क्रियेचे विधानपण मराठी धातुसाधित करून काढून घेते, तर स्पॅनिश तेच काम क्रियापदाचा स्वर बदलून करते. पहिल्या साच्यासमोर ‘एस पोसिब्ले के’, ‘एस प्रोबाब्ले के’ आणि ‘पुएदे के’ ठेवावेत, दुसऱ्यासमोर ‘आ लो मेखोर’ ठेवावा. प्रत्येक वाक्यात ही जुळणी शब्दशः लागू पडेल असा माझा दावा नाही. पण वर्गात ती मांडली की विद्यार्थ्यांचे डोळे उघडतात, हे मी वारंवार पाहिले आहे.

‘पुएदे के’विषयी एक गोष्ट वेगळी सांगितली पाहिजे, कारण ‘आ लो मेखोर’शी त्याची गल्लत सर्वांत जास्त होते. अर्थ दोन्हींचा जवळपास सारखा. ‘पुएदे के युएबा’ आणि ‘आ लो मेखोर युएबे’ यांत पावसाची शक्यता कोठे अधिक आहे असे विचारले, तर स्पॅनिश बोलणाराही सांगू शकणार नाही. फरक आहे तो रचनेचा. ‘पुएदे’ हे क्रियापद आहे आणि पुढचे वाक्य त्याच्या ताब्यात आहे. ‘आ लो मेखोर’ हे क्रियाविशेषणासारखे वापरले जाणारे शब्द आहेत, कोणतेही वाक्य त्यांच्या ताब्यात नाही. मात्र ‘के’ दिसला की सब्जंक्टिव्ह असा सोपा नियम कोणी यातून काढू नये. ‘सेगुरो के ब्येने’, नक्की येतो, यात ‘के’ असूनही क्रियापद इंडिकेटिव्ह आहे, कारण येथे बोलणारा विधान ठासून करतो आहे.

मत व्यक्त करणारी क्रियापदेही याच नियमाने चालतात. ‘क्रेओ के एस्ता एन्फेर्मा’, मला वाटते ती आजारी आहे. ‘सुपोन्गो के एस्ता एन्फेर्मा’, माझा समज आहे की ती आजारी आहे. वाटणे आणि समजणे यांत खात्री कितीशी असते? पण बोलणारा ते आपले मत म्हणून पुढे ठेवतो, म्हणून इंडिकेटिव्ह. ‘नो क्रेओ के एस्ते एन्फेर्मा’, ती आजारी आहे असे मला वाटत नाही, यात तो ते मत पुढे ठेवायला नकार देतो, म्हणून ‘एस्ते’. संशय घेणाऱ्या ‘दुदो के’नंतरही सब्जंक्टिव्ह येतो तो याच कारणाने. येथे शिडीचा नियम योगायोगाने बरोबर उत्तर देतो, आणि बहुधा त्यामुळेच तो इतकी वर्षे टिकून राहिला असावा.

खरी निवड जेथे करावी लागते, ती जागा वेगळीच आहे, आणि त्या जागेला आपल्या लेखात एक ओळही मिळाली नव्हती. वर दिलेल्या बहुतेक रचनांत बोलणाऱ्याला निवड नसतेच. शब्द ठरला की रूप ठरले. परंतु ‘किसास’ (काही जण ‘किसा’ म्हणतात), ‘ताल बेस’, ‘प्रोबाब्लेमेंते’ आणि ‘पोसिब्लेमेंते’ हे ‘कदाचित’, ‘बहुधा’ अशा अर्थाचे शब्द क्रियापदाच्या आधी आले, तर दोन्ही रूपे शुद्ध ठरतात. ‘किसास मारिया एस्ता एन्फेर्मा’ बरोबर आणि ‘किसास मारिया एस्ते एन्फेर्मा’ हेही बरोबर. अर्थ दोन्हींचा ‘कदाचित मारिया आजारी आहे’ असाच.

हे वाक्य जरा जवळून पाहू. मारिया आज कामावर आलेली नाही आणि दोन सहकारी तिच्याविषयी बोलत आहेत. पहिल्याने काल तिला खोकताना पाहिले होते, तिचा आवाज बसलेला त्याच्या लक्षात आला होता. तो ‘किसास एस्ता एन्फेर्मा’ म्हणण्याकडे झुकेल. त्याच्या हाती काही आधार आहे आणि त्या आधारावर तो एक विधान करून पाहतो आहे. दुसऱ्याला यातले काहीच ठाऊक नाही. बस चुकली असेल, रजा घेतली असेल, आजारी असेल, अशा सुचणाऱ्या कारणांपैकी तो एक पुढे करतो. तो ‘किसास एस्ते एन्फेर्मा’ म्हणण्याकडे झुकेल. मी मुद्दाम ‘झुकेल’ असे लिहिते आहे. हा ओढा आहे, कायदा नव्हे. एकच माणूस सकाळी एक रूप आणि संध्याकाळी दुसरे रूप, मनात काहीही वेगळे नसताना, वापरू शकतो. लिखित आणि काळजीपूर्वक स्पॅनिशमध्ये या शब्दांनंतर सब्जंक्टिव्ह अधिक दिसतो, आणि गोष्ट भविष्यातली असेल तर तो आणखी स्वाभाविक वाटतो. ज्या विद्यार्थ्याला अजून कान आलेला नाही, त्याने ‘किसास’ आणि ‘ताल बेस’ यांच्यानंतर सब्जंक्टिव्ह वापरावा. तो सहसा खटकणार नाही.

शब्दांचा क्रम मात्र येथे काटेकोर आहे. हेच शब्द क्रियापदाच्या मागे गेले की निवड संपते आणि फक्त इंडिकेटिव्ह उरतो. ‘एस्ता एन्फेर्मा, किसास’ असे म्हणता येते. ‘एस्ते एन्फेर्मा, किसास’ असे म्हणता येत नाही. कारण वर सांगितले त्यातूनच निघते: क्रियापद तोंडातून बाहेर पडले तेव्हा विधान होऊन गेले, आता मागून चिठ्ठी जोडता येईल, पण झालेले विधान परत घेता येणार नाही. स्पॅनिश अकादमी आणि स्पॅनिशभाषक देशांतील इतर अकादमी यांनी मिळून 2009 मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोठ्या व्याकरणातही या क्रमाच्या अटीची नोंद आहे. खात्रीचे टक्के दोन्ही वाक्यांत तेच असताना केवळ जागा बदलल्याने रूप का बदलावे, याचे उत्तर शिडीवर कोठेही सापडत नाही.

या निवडीचा सर्वांत सुंदर उपयोग मला वादात दिसतो. ‘किसास तेंगास रासोन, पेरो नो बोय आ इर’, तुझे बरोबर असेलही, पण मी जाणार नाही. ‘तेंगास’ हा सब्जंक्टिव्ह वापरून बोलणाऱ्याने समोरच्याचे म्हणणे खोडलेले नाही, पण स्वतःच्या तोंडून मान्यही केलेले नाही. ते बाजूला ठेवून तो आपल्या निर्णयाकडे वळला आहे. ‘पुएदे के तेंगास रासोन’ हेही याच जागी येते. त्याऐवजी ‘आ लो मेखोर त्येनेस रासोन’ म्हटले, तर तुझे म्हणणे मला आत्ताच पटायला लागले आहे, अशी छटा सहज येऊ शकते. मराठीत आपण ‘असेलही’मधल्या ‘ही’ने जी सभ्य माघार घेतो, ती येथे स्पॅनिश माणूस एका स्वराने घेतो. भाषा शिकणाऱ्याला हे कळले की सब्जंक्टिव्ह हे परीक्षेपुरते ओझे राहत नाही. माणसांशी वागण्याची एक रीत म्हणून तो जवळचा वाटू लागतो.

शक्यता सांगण्याचा आणखी एक मार्ग आहे आणि तो या दोन रूपांच्या भांडणात पडतच नाही, तो म्हणजे भविष्यकाळ. ‘एस्तारा एन कासा’ याचा अर्थ तो घरी असेल. उद्या नव्हे, आत्ता, या क्षणी. ‘सेरान लास त्रेस’ म्हणजे तीन वाजले असतील. ‘आब्रा सालिदो’ म्हणजे तो निघाला असेल. रूप भविष्यकाळाचे, पण गोष्ट आत्ताची किंवा होऊन गेलेली. व्हेनेझुएलात जन्मलेले आणि चिलीत स्थायिक झालेले व्याकरणकार आंद्रेस बेयो यांनी 1847 मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या स्पॅनिश व्याकरणात भविष्यकाळाचा हा तर्कदर्शक उपयोग लाक्षणिक उपयोग म्हणून नोंदवला होता. मराठी विद्यार्थ्याला तो शिकवावाच लागत नाही. ‘घरी असेल’, ‘झोपला असेल’, ‘वाजले असतील’ ही रूपे त्याच्या तोंडात आहेतच, आणि तीही भविष्यकाळाचीच. तरीसुद्धा आपल्याकडे हा पाठ पुस्तकाच्या शेवटी, कठीण म्हणून येतो, कारण पुस्तके ज्या भाषेच्या आधाराने लिहिलेली असतात त्या भाषेच्या विद्यार्थ्यांना तो कठीण जातो. मराठी वर्गात मी तो सब्जंक्टिव्हच्या आधी घेते आणि सर्व शिक्षकांनी तो तसाच घ्यावा असे मला आग्रहाने वाटते.

मराठीचा आधार घेताना एका ठिकाणी मात्र सावध राहिले पाहिजे. ‘ती आजारी असावी’ या वाक्यातले विध्यर्थी रूप पाहून विद्यार्थी त्याचे नाते थेट सब्जंक्टिव्हशी जोडतात आणि सुटे ‘एस्ते एन्फेर्मा’ लिहून मोकळे होतात. ‘असावी’मध्ये आपण काढलेले अनुमान असते, ते अनुमान आपण ठामपणे मांडतही असतो. त्याच्या जागी स्पॅनिशमध्ये ‘देबे दे एस्तार एन्फेर्मा’ किंवा मघाचा भविष्यकाळ ‘एस्तारा एन्फेर्मा’ शोभतो, आणि दोन्हींत सब्जंक्टिव्हचा मागमूस नाही. (‘देबे’नंतरचा ‘दे’ गाळला तरी अनुमानाचा अर्थ चालतो, पण ‘दे’सकट रूप कर्तव्य सांगण्यासाठी वापरणे अकादमीला मान्य नाही. ‘तू अभ्यास केला पाहिजेस’ हे सांगताना ‘दे’ नको.)

भविष्यकाळाची सोय कळल्यावर ती सगळीकडे वापरण्याचा मोह होतो, आणि आपल्या लेखातही ‘पुएदे के एस्तारा’ असे एक वाक्य आले होते. ते चालत नाही. ‘पुएदे के’, ‘एस पोसिब्ले के’, ‘एस प्रोबाब्ले के’ यांच्यानंतर भविष्यकाळ येऊ शकत नाही. आजच्या आणि उद्याच्या दोन्ही गोष्टींसाठी तेथे वर्तमान सब्जंक्टिव्हच लागतो. ‘पुएदे के एस्ते’ एवढेच पुरते, आणि आज की उद्या हे संदर्भावरून कळते. ‘प्रोबाब्लेमेंते एस्तारा’ मात्र अगदी बरोबर. या दोन वाक्यांतला फरक ज्याला सांगता आला, त्याला हा विषय समजला असे मी मानते.

भूतकाळाचे फार लिहीत नाही, कारण तेथे तत्त्व तेच राहते आणि फक्त रूपे वाढतात. ‘किसास सालिओ’ आणि ‘किसास आया सालिदो’, कदाचित तो गेला, ही दोन्ही ऐकू येतात. पहिल्यात इंडिकेटिव्ह, दुसऱ्यात सब्जंक्टिव्ह. मुख्य क्रियापद भूतकाळात असले तर ‘एरा पोसिब्ले के सालिएरा’, तो जाण्याची शक्यता होती, असे पुढच्या क्रियापदाचे रूपही भूतकाळात न्यावे लागते.

स्पॅनिश ही वीस देशांची अधिकृत भाषा आहे आणि शक्यतेचे रोजचे शब्द देशोदेशी बदलतात, हेही लेखात यायला हवे होते. स्पेनमध्ये बोलताना ‘इग्वाल युएबे’ म्हणतात, मेक्सिकोत ‘आ ला मेखोर’ असेही ऐकू येते, अर्जेंटिना आणि उरुग्वेत ‘कापास के’ तोंडात असते, आणि पेरूत ‘दे रेपेंते’, जो इतरत्र ‘अचानक’ या अर्थाने परिचित आहे, तो ‘कदाचित’ म्हणूनही वापरतात. ‘इग्वाल’ आणि पेरूतला ‘दे रेपेंते’ हे ‘आ लो मेखोर’च्या वळणाने इंडिकेटिव्ह घेतात; ‘कापास के’ मात्र प्रदेशाप्रमाणे आणि बोलणाऱ्याप्रमाणे दोन्ही रूपांसह आढळतो. पुस्तकात नाही म्हणून विद्यार्थ्याने यांतले काही चूक ठरवू नये.

माझी आपल्याला विनंती अशी की, सदराच्या पुढच्या लेखात ‘आ लो मेखोर युएबा’ आणि ‘पुएदे के एस्तारा’ या दोन वाक्यांची दुरुस्ती छापावी. पुष्कळ विद्यार्थी पुरवणीची कात्रणे काढून ठेवतात आणि छापलेले वाक्य प्रमाण मानतात. टक्क्यांच्या शिडीऐवजी प्रत्येक शब्दप्रयोग त्याच्या क्रियापदासह, पुऱ्या वाक्यात द्यावा, कारण ‘आ लो मेखोर’ एकटा पाठ करून उपयोग नाही. ‘आ लो मेखोर युएबे’ असाच तो पाठ व्हायला हवा. आणि जागा असल्यास ‘आउंके’ म्हणजे ‘जरी’ हा शब्दही घ्यावा. ‘आउंके युएबे, बोय आ सालिर’ म्हणजे पाऊस पडतो आहे, तरी मी बाहेर पडणार आहे. ‘आउंके युएबा, बोय आ सालिर’ म्हणजे पाऊस पडला तरी मी बाहेर पडणार आहे. दुसरे वाक्य बाहेर धो धो कोसळत असतानाही म्हणता येते, आणि तेव्हा त्याचा अर्थ होतो, पाऊस पडतो आहे हे मला दिसते, पण माझ्या निर्णयात त्याला मी मोजत नाही.

आपली विश्वासू,
स्पॅनिशची एक शिक्षिका